खेतवाडी ते केवलादेव

भरतपूरच्या केवलादेव घना पक्षी उद्यानात महादेवाचे एक लहानसे देवालय आहे. त्याच्या जवळ दगडी फलक उभे आहेत. आग्रा-जयपूर रस्त्याने जाणारी आपली मराठी कुटुंबे हिवाळ्यात येथे हमखास थांबतात, मुलाबाळांना बदके आणि चित्रबलाक दाखवितात आणि परतताना हे फलकही वाचतात. फलकांवर पक्ष्यांची नावे नाहीत. तारखा आहेत, व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे यांची नावे आहेत आणि त्यांच्यापुढे आकडे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या तारखेपुढे ४,२७३ हा आकडा कोरलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी योजलेल्या शिकारीत त्या एका दिवसात इतके पक्षी पडले.

योगायोग असा की, त्याच दिवशी मुंबईच्या एका गृहस्थांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. पुढे या पाणथळीची शेतजमीन होऊ नये म्हणून ज्यांनी दिल्लीपर्यंत धाव घेतली, ज्यांनी येथल्या हजारो पक्ष्यांना हातात धरून, त्यांच्या पायांत वळी घालून पुन्हा आकाशात सोडण्याची व्यवस्था केली, ते हेच डॉ. सलीम अली. हातात बंदूक घेऊनच ते पक्ष्यांच्या जगात शिरले आणि ती बंदूक त्यांनी पुढेही कधी पुरती खाली ठेवली नाही. पक्ष्यांचे कैवारी म्हणून त्यांची जी प्रतिमा आपल्या मनात असते तिच्याशी ही गोष्ट जुळत नाही. परंतु ती वगळली तर त्यांचे चरित्र खोटे होईल.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. तेव्हा मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम या अपत्यहीन दांपत्याने सर्व भावंडांचा सांभाळ केला. खेतवाडीतील त्यांचे घर माणसांनी भरलेले असे. गिरगावात ज्यांचे आजोळ आहे अशा आपल्यापैकी पुष्कळांना खेतवाडी ठाऊक आहे. आजच्या त्या गजबजलेल्या गल्ल्यांतून पक्षिशास्त्राचा आरंभ झाला असेल, हे सांगूनही खरे वाटत नाही. पण त्या काळी तेथे बागा होत्या, घोड्यांचे तबेले होते आणि तबेल्यांच्या भिंतींतील भोकांत चिमण्यांची घरटी होती.

अशाच एका घरट्यात चिमणी अंडी उबवीत बसलेली असे आणि चिमणा बाहेर खुंटीवर पहारा करी. दहा वर्षांच्या सलीमने गाडीच्या आड दडून छऱ्याच्या बंदुकीने तो चिमणा टिपला. थोड्याच वेळात चिमणीने दुसरा जोडीदार आणला. सलीमने तोही टिपला. मग तिसरा आला. सात दिवसांत आठ चिमणे पडले आणि प्रत्येक वेळी, जणू कोणी रांगेत थांबले असावे त्याप्रमाणे, नवा चिमणा खुंटीवर हजर झाला. मुलाने ही हकीकत आपल्या वहीत टिपून ठेवली. लिहिताना त्याच्या मनात नेमबाजीची प्रौढी होती, दुसरे काही नव्हते. मोठेपणी त्यांनी ती नोंद पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातील खरा मुद्दा त्यांच्या ध्यानी आला : जोडीवाचून फिरणाऱ्या नरांचा केवढा साठा चिमण्यांच्या वस्तीत असतो! ही हकीकत वाचून आपले मन कळवळते, यात शंका नाही. मात्र मारलेल्या प्राण्यांची मोजदाद अनेक मुले करतात, त्यानंतर काय घडले ते लिहून ठेवणारा मुलगा विरळा.

पुढे एके दिवशी अशीच एक चिमणी खाली पडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती नेहमीची चिमणी नव्हती, म्हणून ती खाण्यास धर्मसंमत आहे की नाही असा प्रश्न मुलाला पडला. मामा शिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन मुलगा भीत भीत त्या गोऱ्या साहेबासमोर उभा राहिला. साहेबांनी ती पाहताच ओळखली. ती पीतकंठी रानचिमणी होती. इतक्यावरच न थांबता मिलर्डसाहेबांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले आणि पक्ष्यांवरील पुस्तके वाचावयास दिली. सलीम अलींनी उतारवयात आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातही त्यांनी चिमणीचे ते पडणेच ठेवले.

यापुढील पंधरा-वीस वर्षांचा काळ धरसोडीचा गेला. कॉलेजातील गणिताला कंटाळून १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशात तॅव्हॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. तेथे धंद्यापेक्षा रानातच अधिक रमले. १९१७ मध्ये परत येऊन त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि त्याच वेळी सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या उत्तेजनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. ब्रह्मदेशातील धंदा बसला तो बसलाच. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ती त्यांनाच अपुरी वाटू लागली आणि रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकावयास गेले. पक्ष्यांच्या पायांत वळी कशी घालतात हे त्यांनी जर्मनीच्या हेलिगोलंड बेटावर पाहिले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झालेली.

वय तेहतीस, नोकरी नाही आणि मुंबईतील बिऱ्हाडाचा खर्च परवडण्याजोगा नाही. अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठी सासरच्या माणसांचे एक छोटे घर होते. पतिपत्नी तेथे राहावयास गेली. या सक्तीच्या रिकामपणातून जे निघाले ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत देखणे काम होय, असे माझे मत आहे. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात ते तेथे आडोशाला बसून दिवसचे दिवस त्या वसाहतीकडे पाहत राहिले. बंदूक या वेळी बाजूला होती. हाती वही आणि दुर्बीण होती.

सुगरणीची घरटी आपण सर्वांनी विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबताना पाहिली आहेत. एकेक नर दोन-तीन घरटी अर्धवट का बांधून ठेवतो, हे मात्र तोपर्यंत कोणास नीटसे उमगले नव्हते.  सलीम अलींना दिसले ते असे : घरटे विणण्याचे काम नराचे. अनेक नर एकाच वेळी घरटी विणावयास लागतात. घरटे अर्धे होऊन शिरस्त्राणाच्या आकाराचे झाले की माद्यांचा थवा ती घरे पाहावयास येतो. नर पंख फडफडवून आपापल्या घराची जाहिरात करतात. मादी आत शिरते, विणकाम चोचीने ओढून पाहते, नापसंत पडले तर सरळ निघून जाते. पसंत पडले तर ती तेथे ठाण मांडते, आणि मगच नर पुढची नळी विणून घर पुरे करतो. मादी अंडी घालून उबवावयास बसली की हा गृहस्थ लगेच दुसऱ्या घराच्या मागे लागतो आणि त्या घरासाठी दुसरी गृहिणी मिळवितो. याप्रमाणे एका हंगामात त्याचे दोन, कधी त्याहून अधिक संसार उभे राहतात. पिलांचे पोषण बहुतांशी मादीच करते.

या निरीक्षणाचा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि सलीम अलींचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत झाले. आपल्या बहिणाबाईंनी खोप्याचे सारे श्रेय त्याच्या माउलीला दिले आहे, आणि मराठी माणूस ते काढून घेणार नाही. विणकाम नराचे असले तरी घराची पारख मादीची, आणि आतली बाळंतपणेही तिचीच. परगावी बिऱ्हाड शोधताना आपल्यापैकी किती पुरुषांनी घर पसंत केले आणि किती जणांनी ते सौभाग्यवतींनी नाकारल्यावर पुन्हा वणवण केली, हे ज्याने त्याने आठवावे.

किहीमनंतर त्यांनी पोटापाण्यासाठी एक विलक्षण तोड काढली. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी तोवर नीट झाली नव्हती. त्यांनी संस्थानिकांना कळविले की, छावणीचा आणि प्रवासाचा खर्च दरबाराने सोसावा, पाहणी आपण विनावेतन करू. निजामाचे हैदराबाद हे पहिले. त्या राज्यात आपला मराठवाडाही होता. पाठोपाठ त्रावणकोर, कोचीन आणि इतर प्रदेश आले. तेहमिनाबाई विलायतेत शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्यांनी तंबूतला संसार स्वीकारला. छावणीची व्यवस्था, हिशेब, टिपणांची भाषा सुधारणे हे सारे त्या पाहत आणि स्वतः पक्षीही उत्तम ओळखू लागल्या होत्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तदोष होऊन त्या वारल्या. एकवीस वर्षांचा सहवास संपला. मूलबाळ नव्हते. बहीण कमू आणि मेहुणे हसन यांनी त्यांना पाली हिलवरील आपल्या घरी नेले आणि पुढे तेच त्यांचे घर झाले. सलीम अलींनी पुनर्विवाह केला नाही.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाला खिडकीतून दिसणारा पक्षी चित्रावरून ओळखता यावा, हा त्यामागील हेतू. पंडित नेहरूंनी हे पुस्तक तुरुंगातून आपल्या कन्येला पाठविले होते. त्यामुळेच इंदिरा गांधींना पक्ष्यांची गोडी लागली. स्वातंत्र्यानंतर या दोघांच्या कानी पक्ष्यांचे गाऱ्हाणे घालणे सलीम अलींना शक्य झाले, ते या पुस्तकाच्या ओळखीमुळे, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा प्रचंड ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडला. पण तो अभ्यासकांचा ग्रंथ. घरोघरी पोचले ते पहिले पुस्तकच.

आता पुन्हा भरतपूरकडे वळू. केवलादेवचा हा सखल भाग मुळात निसर्गाने आणि माणसाने मिळून घडविलेला आहे. जाट राजा सूरजमलच्या काळी, अठराव्या शतकात, अजान बांध घातला गेला. पुढे गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी पाट काढून आत खेळविण्यात आले आणि संस्थानिकांनी तेथे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र केले. क्षेत्र अवघे एकोणतीस चौरस किलोमीटर. मुंबईच्या उपनगरातले बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यानही याच्या तिपटीहून मोठे आहे. पावसाळ्यात येथल्या पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे, चमचे यांची हजारो घरटी होतात. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके, हंस आणि क्रौंच येतात.

संस्थाने विलीन झाली तेव्हा आसपासच्या गावांनी ही जमीन लागवडीसाठी मागितली. मागणी अन्यायाची नव्हती. अन्नधान्याची टंचाई होती, पाणी समोर दिसत होते आणि ते बदकांसाठी राखून ठेवण्याचे कारण शेतकऱ्याला कोण पटवून देणार? सलीम अलींनी हा प्रश्न थेट नेहरूंपर्यंत नेला. पाणथळ वाचली, आणि १९५६ मध्ये तिला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. माजी महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला.

आपण ज्यांना संरक्षक म्हणतो त्यांचे खरे काम येथे चिखलात चालत असे. १९५९-६० पासून सोसायटीने स्थलांतरी पक्ष्यांच्या अभ्यासाची मोठी योजना हाती घेतली. भरतपूर हे तिचे प्रमुख ठाणे. पक्षी जिवंत आणि अक्षत पकडावयाचा तर ती विद्या कोणाकडे? सलीम अलींनी ती बिहारमधील मीरशिकार जमातीकडे शोधली. पिढ्यान्‌पिढ्या बाजारासाठी पक्षी धरणाऱ्या या फासेपारध्यांना त्यांनी बोलावून घेतले. त्यांच्या जाळ्यांत आलेला पक्षी तोलावयाचा, मोजावयाचा, पायात ॲल्युमिनियमचे वळे चढवावयाचे आणि तळहात उघडावयाचा. वळ्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळविण्याची विनंती कोरलेली असे. भरतपुरात सोडलेली बदके पुढे सायबेरियात आणि कझाकस्तानात सापडली आणि तेथून मुंबईला पत्रे आली. मुंबईचा पत्ता पायात घेऊन इतक्या दूर गेलेल्या त्या जिवांविषयी आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना थोडी अधिक आपुलकी वाटली, तर तो काही दोष नव्हे.

पक्षी पकडून सोडणारे हे गृहस्थ अभ्यासासाठी पक्षी मारीतही होते. संग्रहालयातील नमुन्यांवाचून शास्त्र पुढे जाणार नाही, हे त्यांचे मत अखेरपर्यंत बदलले नाही. एकेका पक्ष्याच्या जिवापेक्षा त्याच्या जातीचा आणि तिच्या निवाऱ्याचा विचार त्यांना महत्त्वाचा वाटे. किहीमची ओढही सुटली नव्हती. फिन नावाने ओळखली जाणारी सुगरणीची एक दुर्मिळ जात कोणाच्या दृष्टीस पडेनाशी झाली होती. १९५९ मध्ये ते कुमाऊँच्या तराईत गेले. तेथे ही सुगरण त्यांना सापडली. वय तेव्हा बासष्ट. त्या वयात माणसे पेन्शनीचे हिशेब करतात.

मानसन्मान पुष्कळ आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच वर्षी गेटी पारितोषिक आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व. गेटी पारितोषिकाची रक्कम पन्नास हजार डॉलरांची होती. तिच्यातून त्यांनी सोसायटीत निसर्गसंरक्षणाचा निधी उभारला. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये म्हणून झालेल्या खटपटीतही त्यांच्या शब्दाचे वजन उपयोगी पडले.

परंतु भरतपूरची कथा येथे संपत नाही, आणि तिचा शेवट त्यांच्या बाजूचा नाही. केवलादेवात आसपासच्या गावांच्या म्हशी पूर्वापार चरत. गुराढोरांमुळे पक्ष्यांचे निवारे बिघडतात, उद्यान गुरांपासून मुक्त असावे, असे सलीम अलींचे ठाम मत होते. त्या काळी निसर्गसंरक्षणाचा विचार करणाऱ्या बहुतेक सर्वांचेच होते. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आला आणि १९८२ मध्ये चराईवर बंदी घालण्यात आली. गावकरी खवळले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. पाणथळ वाचविताना ज्यांच्याशी बोलणे करावयास हवे होते, त्यांच्याशी ते पुरेसे झाले नव्हते. नंतर गवत कापून नेण्याची मुभा गावांना देण्यात आली, पण गेलेली माणसे गेली.

याच सुमारास सोसायटीचेच शास्त्रज्ञ भरतपुरात तळ ठोकून होते. १९८० च्या दशकभर त्यांनी तेथील पाणी, गवत, मासे आणि पक्षी यांची मोजणी केली. खेतवाडीच्या तबेल्यातील मुलाने जसे घडले तसे लिहून ठेवले होते, त्याच रीतीने त्यांनीही लिहून ठेवले. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले, मोकळे पाणी आकसले आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच संख्या घटू लागली, असे त्यांना आढळले. म्हशी ते गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या. म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या, तिच्याच एक भाग होत्या. ज्या संस्थेच्या सल्ल्याला मान देऊन बंदी आली होती, तिनेच १९९१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

तो अहवाल वाचावयास सलीम अली नव्हते. दीर्घ आजारानंतर १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले होते. केवलादेवला १९८५ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळालेले त्यांनी पाहिले. ज्या सायबेरियन क्रौंचांसाठी हे स्थान जगभर ओळखले जाई, ते १९६४-६५ च्या हिवाळ्यात तेथे दोनशेच्या आसपास होते. त्यांची शेवटची जोडी २००२ मध्ये दिसली आणि त्यानंतर ते भरतपुरास आले नाहीत. चित्रबलाक मात्र पाऊसपाणी बरे झाले, बांधातून पाणी सुटले की आजही बाभळींवर घरटी घालतात. देवालयाजवळचे फलकही काढून टाकलेले नाहीत.